गाडी वीस मिनिटं थांबेल

आमचे हे, म्हणजे अंगदराव, एसटीत कंडक्टर होते आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कंडक्टरला आमच्या भागात मास्तर म्हणतात. त्यामुळे पाटोद्यात पंचवीस वर्षं लोक मला बाई आणि ह्यांना मास्तर म्हणत आले. मास्तरांनी जन्मात खडू हातात धरला नाही, पण शिकवायची हौस माझ्यापेक्षा दांडगी. नोकरीत होते तोवर रोज पन्नास प्रवाशांना शिकवत. निवृत्त झाल्यावर वर्गात एकटी मीच उरले.

घाट चढून वर आलं की उजव्या हाताला एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची लांब पडवी, दोन भट्ट्या, लाकडी बाकडी आणि शेजारी दगडी बांधणीची मोठी विहीर. त्या काळी घाट चढून आलेली कुठलीही गाडी तापायची. मग ती इथं उभी करायची, ड्रायव्हरनं बॉनेट उघडायचं, विहिरीचं पाणी शेंदून रेडिएटरला पाजायचं आणि गाडी निवेपर्यंत लोकांनी भजी खायची. आमचे मास्तर दार उघडून पत्र्यावर दोन थापा मारत आणि ओरडत, "गाडी वीस मिनिटं थांबेल! चहापानी उरकून घ्या, मंग माज्या नावानं वरडू नका!" ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट आतल्या खोलीत वेगळं मांडलेलं असे, त्याचे पैसे कुणी घेत नसे. मी एकदोनदा त्या गाडीत होते. शाळेत इन्स्पेक्शनला आलेले साहेबसुद्धा इतके ताठ चालताना मी पाहिले नाहीत. घरी भाजी आणायची म्हटलं तरी मला विचारणारा हा माणूस त्या वीस मिनिटांचा मालक असायचा.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो आणि ह्यांनी ती जागा घ्यायची काढली. हॉटेल तोवर चार वर्षं बंद पडलेलं. मालक अर्जुनराव, पंचायत समितीत बसणारा माणूस. चौपदरी रस्ता येणार, तो इथूनच जाणार, असं पाटोद्याच्या प्रत्येक टपरीवर बोललं जात होतं आणि रोडटच, म्हणजे रस्त्याला लागून असलेल्या जागेला आज ना उद्या सोन्याचा भाव येणार, हे तर शेंबड्या पोरालाही कळत होतं. अर्जुनराव आम्हाला एवढंच म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाइकं लई हायती. पन तुमचा जीव हाय या जागेत, म्हनून आधी तुमाला विचारलं." खोटं एक अक्षर बोलले नाहीत. रस्त्याची मोजणी कुठल्या गटांमधून झाली हे त्यांना ठाऊक होतं, ते तेवढं सांगायचं राहून गेलं.

माझा फंड, ह्यांचा फंड आणि पाटोद्याचं राहतं घर, सगळं त्या जागेत गेलं. पुण्याहून लेक तेजश्री फोनवर रडली. "आई, तुम्ही दोघं आमच्याकडे या ना, कशाला हा उपद्व्याप?" लेक गुणाची, जावईही वाईट नाही. पण जावयाच्या बाल्कनीत दोन खुर्च्या टाकून खालच्या गाड्या मोजत म्हातारपण काढायचं, हे मला नको होतं. जागा चालली तर आम्ही आमच्या पायावर, नाही चालली तर बाल्कनी. हिशेब एवढा सरळ होता. ह्यांचा तर त्याहून सरळ. दिवसाला दहा गाड्या वीस वीस मिनिटं थांबल्या की सगळं आपोआप होतं, असं ते म्हणत.

बेत असा होता: पडवी पाडायची, रस्त्याकडे तोंड करून सहा गाळे काढायचे, बाजूला बाया-माणसांचे वेगळे संडास, मागं आम्हाला राहायला दोन खोल्या आणि पुढं दोन गाड्या उभ्या राहतील एवढं सिमेंट ब्लॉकचं अंगण. नाव ठरलं वनमाला कॉम्प्लेक्स. वनमाला म्हणजे मी. मी खूप भांडले, "माझं नाव कावून? बापाच्या नावानं करा, देवाच्या नावानं करा." तर म्हणाले, "देवाला कशाला तरास द्यायचा?"

आता जे सांगायचं आहे ते मी तेजश्रीलाही सांगितलेलं नाही.

पडवी पाडली त्या दिवशी दगडविटांचा, पत्र्यांचा, जळक्या मातीचा ढीग डोक्याएवढा झाला. जेसीबी तासाच्या भाड्यानं होता. कंत्राटदार म्हणाला, मलबा दोन कोस लांब खदानीत टाकावा लागेल, ट्रॅक्टरच्या वीसेक खेपा होतील. आणि दुसरं म्हणजे ही विहीर अशी मधोमध राहिली तर मोठी गाडी वळणार नाही, अंगण निम्मं वाया जाईल. मी तिथं छत्री घेऊन उभी होते. मी म्हणाले, "मग मलबा विहिरीतच टाका की. अंगणही होईल आणि खेपाही वाचतील."

एका दगडात दोन पक्षी. गणिताची बाई ना मी!

हे विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "मे महिन्यात बी गुडघाभर पानी ऱ्हातंय हिला. म्या सोता बघितलंय."

"अहो, आता कुणी रेडिएटरला विहिरीचं पाणी घालतं का? गाड्या बदलल्या. आपल्याला प्यायला आणि वापरायला बोअर घेऊ, बटन दाबलं की पाणी."

"आदी बोअर घेऊ, मंग बुजवू."

"आणि तोवर हा जेसीबी उभा ठेवायचा? त्याचा तास चालू आहे."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत घरातला कुठलाही हिशेब माझा चुकला नव्हता. त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला. मलबा कमी पडला तिथं जेसीबीनं मागची माती ओढली आणि तिन्हीसांजेपर्यंत चाळीस हात खोल विहीर आम्ही बुजवून टाकली. खालचं पाणी मलब्यातून फसफसत वर येत होतं, शेवटी तेही यायचं थांबलं.

विहिरीच्या आतल्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा, पाण्यातल्या देवता. बुजवायच्या आधी ह्यांनी ते टॉवेलात बांधून वर आणले होते. गाळ्यांच्या कडेला टाइल लावून त्यांच्यासाठी छोटं देऊळ केलं, दिवा लावायची सोय केली. माझं मन तेवढ्यावर निवांत झालं.

मग बोअर. नारळ तळहातावर घेऊन पाणाड्या सगळी जागा फिरला, नारळ उभा राहिला तिथं चुन्याची खूण केली. पाचशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. दुसरा बोअर मागच्या कोपऱ्यात, तोही कोरडा. तेव्हापासून आम्ही टँकरचं पाणी विकत घेतो. शाळेत मी पोरांना 'तहान लागल्यावर विहीर खणणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करून शिकवायचे. तहान लागायच्या आधीच विहीर बुजवणाऱ्यांसाठी मराठीत वाक्प्रचार नाही. असल्या शहाण्यांची कुणाला कल्पनाच आली नसावी.

दोन पावसाळे बांधकामात गेले, तोवर नवा रस्ता सुरू झाला. तो आमच्यापासून तीन फर्लांगावरून, उंच भराव टाकून गेलेला. चढ इतका सौम्य की गाडीला घाट लागला हे आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. आमच्या अंगणातून बसचा फक्त वरचा भाग दिसतो आणि खिडक्यांमधली डोकी. हे खुर्ची टाकून बसतात आणि घड्याळ न बघता सांगतात, "ही साडेनवाची आष्टी. आज भरून चाललीय." जुन्या रस्त्यावर आता दुधाच्या मोटरसायकली आणि शेतात जाणारी माणसं, एवढंच.

गाळे नाही म्हणायला गेले. एकानं मोबाइलचं दुकान टाकलं, नव्याचे नऊ दिवस झाले आणि दहाव्याला तो माल पिशवीत भरून निघून गेला. एकानं कटिंगचं दुकान काढलं. महिनाभर त्यानं मुख्यतः ह्यांचीच दाढी केली. ह्यांनी डेपोत खेटे घातले, जुन्या रस्त्यानं दोन तरी गाड्या सोडा, अधिकृत थांबा द्या म्हणून. साहेब ह्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यांनी चहा पाजला आणि गोड बोलले. "मास्तर, पन्नास लोकांना जुन्या घाटरस्त्यानं कशाला फिरवू, तुमीच सांगा." 

तरी रोज सकाळी सहाला हे सहाही शटर वर करतात. रिकाम्या गाळ्यांची शटर! घर्रर्र करून एकेक उघडतं, माझी झोप मोडते. पहिल्या पहिल्यांदा मी चिडायचे. "आत उंदीर हायती, त्यांना उजेड दाखवताय का?" तर म्हणायचे, "मिटलेल्या शटरपाशी कोन थांबंल?" संध्याकाळी सात वाजता पुन्हा सहाही खाली. पुढंपुढं मला त्या आवाजाची सवय झाली. आवाज आला की समजायचं, आजही ह्यांची आशा उठून बसली आहे.

अंगणाचे ब्लॉक पहिल्याच पावसात खचले. बरोबर गोल खचले, परात ठेवावी तसे. आम्ही मुरूम भरून वर आणले, दुसऱ्या पावसात पुन्हा खचले. मग नाद सोडला.

दिवाळी झाली की सटवा आणि मनकर्णा मेंढरं घेऊन ह्या वाटेनं जातात. दोघं नवराबायको, पिढीजात धनगर. विहिरीशेजारच्या हौदावर त्यांची दीडशे मेंढरं पाणी प्यायची, मनकर्णा आसरांना दहीभात आणि हिरव्या बांगड्या वाहायची आणि रात्रभर तिथंच त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडायचा. बुजवल्यानंतरच्या वर्षी आले तेव्हा सटवा काठीवर हनुवटी टेकून ब्लॉककडे बघत राहिला.

"मास्तर, हीर कुठं गेली?"

"बुजवली," हे म्हणाले.

"पडली व्हती का?"

"न्हाई."

 मेंढरं ब्लॉकवर तोंड लावून हुंगत होती, त्यांना जागा पाठ होती. मनकर्णेला मी कौतुकानं टाइलचं देऊळ दाखवलं. ती वाकून आत बघत म्हणाली, "बाई, आसरा पान्यात ऱ्हातेत. हितं वाळल्या जागी बसून त्येंनी काय करायचं?" तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. मी तिला चहा दिला. तांब्याभर पाणी मागितलं ते दिलं. मेंढरांना द्यायला माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर ते दोघं दुसऱ्या वाटेनं जातात असं ऐकलं.

ह्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मी तांदूळ निवडत होते. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता, टाकीत तळ दिसत होता, घरात दोन हंडे आणि एक जार. बाहेरून मोठ्या गाडीचा आवाज आला. जुन्या रस्त्यावर. मी सूप खाली ठेवलं. हे तर आधीच खुर्चीवरून उठून रस्त्याकडे निघाले होते, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी.

वऱ्हाडाची बस होती. तलवाड्याहून निघालेली, आष्टीच्या पुढं लग्नाला चाललेली. टपावर रुखवताच्या पेट्या, खिडक्यांतून फेटे आणि पोरांची डोकी. ती वळली आणि आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा. हे धावत दाराशी गेले आणि मला वाटलं, आता ते पत्र्यावर दोन थापा मारतात. त्यांचा हात वर गेलाही होता.

तेवढ्यात पुढून वाफेचा मोठा लोट उठला आणि ड्रायव्हरनं खाली उडी मारली. नाथा. ह्यांच्याच डेपोचा जुना ड्रायव्हर, निवृत्तीनंतर लग्नाच्या गाड्या चालवतो. ह्यांना बघून त्याचं तोंड फुललं.

"मास्तर! अवो तुमीच का? देवच पावला. गाडी लई जुनी हाय, खालपसूनच काटा वर गेलता. क्लीनर म्हनला नव्या रोडनं चला, तितं धाबा हाय. म्या म्हनलं, कशाला बे? घाटमाथ्यावर आपली हीर हाय, पन्नास गाड्या पाजल्यात तिनं. मुद्दाम आत वळवली." असं म्हणत त्यानं क्लीनरच्या हातात बादली दिलीसुद्धा. मग तो इकडेतिकडे बघू लागला. गाळे, संडास, टाइलचं देऊळ. "हितंच व्हती की. मास्तर, हीर कुठंशीक हाय?"

  ह्यांनी बोट दाखवलं, बसच्या खाली.

"तुजी गाडी हुबी हाय तितं."

नाथाला आधी थट्टा वाटली, तो हसला. मग वाकून त्यानं बसखाली पाहिलं. तो गोल खड्डा, त्यात रेडिएटरमधून टपटपणारं पाणी.

"कुनी बुजवली, मास्तर? एवढी जितीजागती हीर?"

मी दोन्ही हंडे घेऊन दारात आले होते. डोक्यावर माझ्याच नावाची पाटी होती.

"म्या बुजवली," हे म्हणाले. "गाड्या वळाव्यात म्हनून."

मला बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी हंडे खाली ठेवले आणि पदरानं हात पुसत उभी राहिले.

तोवर वऱ्हाड खाली उतरलं होतं. पन्नास माणसं. ह्याच पन्नास माणसांसाठी आम्ही घर विकलं होतं. पोरं पाणी पाणी करत होती, एक हंडा त्यांच्यातच संपला. दुसरा नाथानं रेडिएटरला घातला, तो आत जाताच खळखळून अर्धा बाहेर आला. जार म्हाताऱ्यांत वाटला. एक आजीबाई, नवरदेवाची आजी असावी, ह्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "दादा, बायांना जायला काई हाय का हितं?" ह्यांच्या कमरेला संडासांची किल्ली कायम असते. त्यांनी धावत जाऊन कुलूप काढलं. आत नवी कोरी भांडी, पांढऱ्या टाइल्स, चकचकीत नळ. आजीनं नळ फिरवला. पुन्हा फिरवला. मग ती बाहेर आली आणि ह्यांच्याकडे न बघता बाकीच्या बायांना घेऊन बाभळींच्या आडोशाला गेली. हे किल्ली हातात धरून दाराशी उभे होते. मला त्या वेळी त्यांच्याजवळ जायला हवं होतं, पण मी रिकामे हंडे गोळा करत राहिले.

वऱ्हाडातला एक फेटेवाला सहाही उघडी शटर बघत गाळ्यांसमोरून फिरून आला. "ह्यात काईच न्हाई की. मंग उघडलंय कावून?"  मुहूर्त दुपारचा होता, मामा लोक नाथावर खेकसू लागले, कसल्या उजाड जागी आणून घातलंस म्हणून. शेवटी कुणीतरी फोन लावला आणि नव्या रस्त्यावरच्या धाब्यावरून एक जीप पाण्याचे कॅन घेऊन आली. जीपवाल्यानं बिस्किटाचे पुडे, थंड बाटल्याही आणल्या होत्या. आमच्या अंगणात उभं राहून त्यानं त्या विकल्या.

गाडी निघाली तेव्हा नाथा ह्यांचा हात धरून म्हणाला, "येतो, मास्तर. जिवाला लावून घिऊ नका." क्लीनरनं पत्र्यावर थापा मारल्या आणि बस भरावाच्या दिशेनं गेली. थोड्या वेळानं ती वर नव्या रस्त्यावर दिसली, फक्त खिडक्या आणि फेटे.

मी म्हणाले, "बसा सावलीला." काहीतरी चांगलं बोलावं म्हणून पुढं म्हणाले, "थांबली तरी एक गाडी."

"थांबली न्हाई, वनमाला," हे म्हणाले. "बंद पडलती."

त्या दिवशी शटर खाली ओढली ती मी. त्यांनी हात लावला नाही. रात्री जेवलेही नाहीत, आणि मी विचारणार होते ते विचारलं नाही. माझं नाव का घेतलं नाही, हे त्यांना विचारायचं तर आधी मला माझ्या तोंडानं ते कबूल करावं लागणार होतं.

सकाळी सहाला मला जाग आली. मी पडल्या पडल्या वाट बघत राहिले. सहा वाजून गेले, साडेसहा झाले, शटरचा आवाज आला नाही. उठून बाहेर गेले तर हे त्या गोल खड्ड्यापाशी उकिडवे बसले होते. शेजारी पहार. मधला एक ब्लॉक त्यांनी उचकटला होता. मला वाटलं, खणतायत की काय. खणत असतील तर मीही बसते, मलाही एक घमेलं द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तर ते ब्लॉक परत जागेवर बसवत होते. तळहातानं ठोकून ठोकून, शेजारच्या ब्लॉकशी सपाट लागेपर्यंत.

"खाली आपल्याच इटा हायत्या," वर न बघता म्हणाले. "चाळीस हात इटा." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "तेजश्रीला फोन लाव. आन् चहा टाक जरा."

मी आत आले आणि पातेलं घेऊन नळाखाली धरलं. टँकर दुपारी यायचा होता.